लहान मुलांसाठी शिकण्याचे मोबाइल ॲप तयार करताना सर्वांत आधी कशाचा विचार करावा?

पडद्यावर काय दिसेल यापेक्षा मुलाला डोके कुठे चालवावे लागेल, हे आधी ठरवावे. बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडल्याप्रमाणे, मूल विचाराने सक्रिय असते, त्याचे लक्ष मूळ कामावर टिकते, आशय त्याच्या अनुभवाशी जुळतो आणि माणसांशी संवाद घडतो, तेव्हा शिकणे पक्के होते. म्हणूनच गोष्टीशी संबंध नसलेली, बोट लावताच हलणारी चित्रे मला शोभेची नव्हे, तर नुकसानकारक वाटतात. वाचता न येणाऱ्यांसाठी सूचना आवाजात असाव्यात. उत्तर चुकल्यास नुसती फुली न दाखवता चूक कुठे झाली हे कळेल असा प्रतिसाद द्यावा, आणि ॲपचा कच्चा नमुना मुलांच्या हाती लवकर देऊन ती कुठे अडतात ते मध्ये न बोलता पाहावे.