सोमवारी दिल्ली आणि शुक्रवारी आग्रा असेल तर ॲडव्हान्स भरू नका

तुम्ही टाकलेला कार्यक्रम वाचला. नाशिकरोडहून गाडी, सोमवारी सकाळी दिल्लीत उतरून लगेच स्थलदर्शन, शुक्रवारी आग्रा, सोबत सत्तरीतले आईबाबा. ॲडव्हान्स भरू का, असं विचारलंय. माझं उत्तर: तारखा बदलून मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. अगदी याच क्रमाचा कागद आम्हाला नाशिकच्याच एका टूर ऑफिसने दिला होता. नाव लिहीत नाही, कारण तुमचं ऑफिस वेगळंही असू शकेल.

सोमवारी लाल किल्ला बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, सगळं बंद. आणि ताजमहाल दर शुक्रवारी बंद. हे वर्षानुवर्षं असंच आहे, धंद्यात असलेल्या माणसाला माहीत नसणं शक्यच नाही.

माझ्या आईला लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास बघायचा होता. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतल्यावर त्याचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, ते तिने कितीदा तरी वाचलेलं. प्रत्यक्षात बस रस्त्याच्या कडेला लागली, इंजिन चालूच. गाइडने माइकवर शहाजहानचं नाव घेतलं, फोटो काढायला दहा मिनिटं दिली. आई लोखंडी कठड्याला धरून लाहोरी दरवाजाकडे बघत उभी राहिली आणि 'आत कधी जायचं?' विचारत राहिली. शुक्रवारी ताज दाखवला तो यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून. तिचे गुडघे पाहता दुसऱ्यांदा एवढा प्रवास होणार नव्हता, याचा राग मला अजून आहे.

परत आल्यावर ऑफिसात गेलो. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं गेलं: स्थळं बंद असल्यास कंपनी जबाबदार नाही. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर, त्यानंतर फोनच उचलेनात. म्हणून सांगतो, भांडायचं ते पैसे देण्याआधी. प्रत्येक ठिकाणापुढे वार आणि 'आत प्रवेश, तिकिटासह' असं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

खरं तर मला या सहलीसाठी टूरची गरजच वाटत नाही. (हे माझं मत. आईबाबांची तब्येत, औषधं तुम्हालाच ठाऊक.) नाशिकरोडहून पंजाब मेल किंवा मंगला एक्सप्रेस पकडलीत तर आग्रा दिल्लीच्या आधीच येतं. आधी आग्रा कँटला उतरा, ताज आणि किल्ला बघा, मग दिल्ली. आग्र्याचा किल्ला शुक्रवारीही उघडा असतो. ताजच्या मुख्य कबरीत जायला प्रवेशाव्यतिरिक्त वेगळं तिकीट लागतं, ते आधीच काढा. दिल्लीहूनच जायचं झालं तर निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस साधारण पावणेदोन तासांत पोचवते. तीही शुक्रवारी धावत नाही, आता कारण कळलंच असेल.

सोमवार दिल्लीतच येत असेल तर तो कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला द्या, दोन्ही रोज उघडी असतात. निजामुद्दीनला उतरलात तर हुमायूनची कबर जवळच. संध्याकाळी इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, मग बंगला साहिब गुरुद्वारा. तिथे लंगरला आईबाबांना जरूर बसवा, माझ्या वडिलांना अख्ख्या दिल्लीत तेच सगळ्यात आवडलं. लाल किल्ला मंगळवारी किंवा त्यानंतर. व्हायोलेट लाइनवर लाल किल्ला नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, त्यामुळे चांदणी चौकाच्या गर्दीतून रिक्षा शोधत फिरावं लागत नाही.

अक्षरधामला मोबाइल आत नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावे लागतात. म्हणून आत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आईबाबांशी आधीच ठरवा, आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा.

महिना तुम्ही लिहिलेला नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी असेल तर धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास लेट होतात, तेव्हा पोचल्या दिवशीचं कुठलंच तिकीट काढू नका. फेब्रुवारी जमत असेल तर तोच धरा.