वाचक विचारतात : घरातलं वडीलधारं माणूस रुग्णालयात असताना

वृद्ध रुग्णांच्या रुग्णालयातल्या देखभालीबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर 'ऑपरेशन छान झालं, पण…' असाच आहे. त्या 'पण'नंतरच्या गोष्टींना वृद्धोपचार करणारे डॉक्टर आणि वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्रीपासून त्या सलाईन उपसतात, वारलेल्या भावाशी बोलतात, मला 'तू कोण गं?' विचारतात. सकाळी बऱ्या असतात. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं. रात्री हात बांधतात, ते बघवत नाही. (नाशिक)

याला डेलिरियम म्हणतात. मेंदूचा हा गोंधळ अचानक उद्भवतो आणि बहुधा तात्पुरता असतो. त्याची खूण तुम्हीच लिहिली आहे: सकाळी बऱ्या, रात्री बिघडलेल्या. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू वाढतो. डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात वरखाली होत राहतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो सर्रास दिसतो. भुलीचाही थोडा वाटा असेल, पण सगळं खापर भुलीवर किंवा वयावर फोडलं की खरं कारण शोधायचं राहून जातं.

म्हणून राउंडच्या वेळी एकेक गोष्ट नावानिशी विचारा. लघवी तुंबली आहे का? ओटीपोटाच्या सोनोग्राफीत ते लगेच कळतं. संडासला कधी झालं होतं? वेदनाशामकांमुळे चार-चार दिवस होत नाही आणि म्हातारं माणूस तेवढ्यानंही बरळू लागतं. सोडियम, साखर, ऑक्सिजन, हिमोग्लोबिन पाहिलं का? छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग आहे का? या वयात संसर्ग असला तरी ताप येईलच असं नाही. दुखणंही यात मोडतं. 'दुखतंय का' विचारलं तर 'नाही गं' म्हणणाऱ्या सासूबाईंचा चेहरा कूस बदलताना बघा. दुखेल तेव्हा गोळी देण्यापेक्षा ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल दिलं तर पुढची जड औषधं कमी लागतात.

मग औषधांचा कागद बघा. रक्त चढवण्याआधी किंवा खाजेसाठी दिलेलं एव्हिल, झोपेसाठी दिलेलं फेनर्गन किंवा लोराझेपाम, दुखण्यासाठीचं ट्रॅमाडॉल, हे सगळे या वयात गोंधळ वाढवणारे नेहमीचे मानकरी. याच्या उलटही घडतं. घरी वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी किंवा रोजची दारू दाखल झाल्यावर एकदम तुटली की तिसऱ्या दिवशी हाच गोंधळ उडतो. मिश्री किंवा तंबाखू तुटल्यानं बेचैनी वाढते. लाजेपोटी हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही. सांगा.

तुमच्या हातातलं काम वेगळं. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरच्या कपाटात असेल तर आजच आणा. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, रात्री दिवे मंद करा. पहाटेचं रक्त आणि मध्यरात्रीचा रक्तदाब खरंच त्याच वेळी घ्यायला हवा का, ते सिस्टरना विचारा. दर दोन-तीन तासांनी कोण आलंय, कुठे आहोत, वार कोणता हे बोलण्याच्या ओघात सांगा, परीक्षा घेतल्यासारखं नको. भाऊ दिसतो म्हणाल्या तर वाद घालू नका आणि होला होही करू नका. 'तुम्हाला त्याची आठवण येतेय' म्हणून विषय बदला. सर्जननं परवानगी दिली की त्यांना खुर्चीत बसवा. खुब्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांनंतर ती दुसऱ्याच दिवशी मिळते.

हात बांधल्यानं धडपड आणि भीती दोन्ही वाढतात. आधी विचारा: त्या तोंडानं पाणी पीत असतील तर सलाईन बंद करून नुसती कॅन्युला (शिरेत बसवलेली छोटी नळी) ठेवता येईल का? ती मनगटाऐवजी वर, कोपराखाली लावून त्यावर रोलर बँडेज गुंडाळलं आणि लांब बाहीचा गाऊन घातला की निम्मी उपसाउपसी थांबते. रात्री घरचं ओळखीचं माणूस शेजारी बसू देतात का, तेही विचारा. बांधणं टळतच नसेल तर फाईलमध्ये कारण लिहिलेलं हवं, पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि ती ठरावीक वेळानं सोडून हात बघायला हवा.

एक इशारा बाकीच्या वाचकांसाठी. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. डेलिरियममध्येच गप्प पडून राहणारा, अर्धवट डोळे मिटलेला रुग्ण 'आज किती शांत झोपलेत' म्हणून सुटतो. शंका आली तर वारांची नावं उलटी म्हणायला सांगा, किंवा आजींना चैत्र-वैशाख पाठ असतील तर फाल्गुनापासून मागे. कालपर्यंत जमत होतं आणि आज दोन नावांनंतर तार तुटते, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना पुरेसं असतं. कारण सापडलं की गोंधळ बहुधा काही दिवसांत ओसरतो. काहींना काही आठवडे लागतात. घरी गेल्यावरही विसराळूपणा तसाच राहिला तर दोन-तीन महिन्यांनी स्मृतीची तपासणी करून घ्या.

वडिलांना पक्षाघात झालाय. एअर बेड भाड्यानं घेतला, तरी माकडहाडावर जखम झाली. सिस्टर म्हणतात रोज स्पिरिट-पावडर लावा. (कोल्हापूर)

स्पिरिट त्वचा कोरडी करतं, पावडरचे घामात गोळे होतात, आणि लाल झालेल्या जागी चोळलं तर आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी तुटतात. पाठ हलक्या हातानं पुसा, पण हाडावरच्या लाल जागेला मालीश नको. भोकाची रबरी रिंगही नको. ती कडेनं दाब देऊन मधला रक्तपुरवठाच तोडते.

एअर बेड असूनही जखम का होते, याची कारणं बहुतेक वेळा बेडवरच सापडतात. गादीवर मेणकापड, त्यावर चौघडी चादर, त्यावर अंडरपॅड आणि वर डायपर असे चार थर घातले की हवेची गादी असून नसल्यासारखी. एकच पातळ चादर पुरे. पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनानुसार लावा. नळी कॉटच्या दांड्यात दबलेली नाही ना, आणि एक्स-रेला नेताना काढलेला प्लग परत लावला का, हेही बघा. दाब पुरेसा आहे का ते हातानं कळतं: माकडहाडाच्या बरोबर खाली, गादी आणि कॉटच्या मध्ये तळहात सरकवा. वरचं हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे.

कूस मात्र एअर बेडवरही बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. पूर्ण कुशीवर वळवून खुब्याच्या हाडावर झोपवू नका. पाठीमागे उशी देऊन ३० अंशांएवढं कलतं ठेवा. पोटरीखाली उशी घालून टाच हवेत राहील असं बघा, टाचेची जखम फार उशिरा लक्षात येते. कॉटचं डोकं खूप वर केलं की माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. जेवणाची वेळ सोडून ३० अंशांच्या वर नको. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. वेळांचा कागद भिंतीला चिकटवा. रात्रपाळीच्या मावशींना त्यावरूनच कळतं की मागची कूस कोणती होती.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल जागा बोटानं दाबून सोडल्यावर पांढरी होत नसेल तर ती जखमेची पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, टणक किंवा पिळपिळीत लागते का ते चाचपा. जखम उघडी असेल तर नॉर्मल सलाईननं धुवावी, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये. वर काळी खपली धरली असेल तर सर्जनला दाखवा.

आणि पोटात काय जातं तेही बघा. जखम भरायला रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. साबुदाण्याची खीर, तांदळाची पेज आणि नारळपाणी यांत ती नावालाच असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आईला पार्किन्सन्स (कंपवात) आहे. न्यूमोनियासाठी दाखल केलं. घरी त्याची सिंडोपा ही गोळी पाच वेळा घेते, वॉर्डात औषधवाटप तीनच वेळा. दोन दिवसांत ती लाकडासारखी कडक झाली. (पुणे)

ही तातडीची गोष्ट आहे. आजच डॉक्टरांना सांगून फाईलमध्ये 'सकाळी-दुपारी-रात्री' असं न लिहिता घड्याळाच्या वेळा लिहून घ्या: ६, १०, २, ६, १०, घरी जशा असतील तशा. हे औषध तास-दीड तास उशिरा झालं तरी गिळणं मंदावतं, आणि न्यूमोनियाच्या रुग्णात गिळणं बिघडणं म्हणजे पुन्हा छातीत घास जाण्याची भीती. औषध एकदम बंद पडलं तर तीव्र ताप आणि कडकपणाची जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून द्यावं लागतं. मात्र हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही, साध्या गोळीचा डोस डॉक्टर बदलून देतात. गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास द्या.

उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा स्टेमेटिल आणि रात्रीच्या गोंधळासाठी हॅलोपेरिडॉल ही औषधं पार्किन्सन्समध्ये टाळायची असतात. रात्री ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टरला तुमच्या आईचा आजार माहीत असेलच असं नाही. फाईलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहायला सांगा.

पार्किन्सन्स नसलेल्या घरांनीही दाखल होताना औषधांची यादी नव्हे, सगळ्या पट्ट्या आणि बाटल्याच पिशवीत घालून न्याव्यात. काचबिंदूचे थेंब हमखास राहून जातात, कारण 'गोळ्या कोणत्या?' या प्रश्नाच्या उत्तरात थेंब कुणी सांगत नाही. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं औषध, इन्सुलिन, दम्याचा पंप, वैद्यांची पुडी, सगळं दाखवा. जुलाब-उलट्या होत असताना रक्तदाबाची आणि लघवीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे वेगळं विचारा.

आजोबांना लघवीची नळी घालून आठवडा झाला. काढा म्हटलं तर 'राहू दे, तुम्हालाच सोपं' म्हणतात. (रत्नागिरी)

सोपं असणं हे नळी ठेवायचं कारण होऊ शकत नाही. लघवी तुंबणं, दर तासाचं माप हवं असणं, माकडहाडाची मोठी जखम ही खरी कारणं. प्रत्येक जादा दिवसागणिक जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, शिवाय नळीला बांधलेला माणूस उठत नाही. रोज सकाळी विचारा: 'आज नळीची गरज कशासाठी आहे?' असेपर्यंत पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकवा. स्ट्रेचरवरून नेताना वॉर्डबॉय ती पोटावर ठेवतात आणि लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायला सांगा. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही तर लगेच कळवा.

सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड आमच्या उपयोगाचं आहे का? मेडिक्लेमही आहे. (सोलापूर)

आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची योजना) मात्र एकच निवडावं लागतं. जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ नाही. आधार पुरेसं आहे. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटले नाहीत तर ओटीपी किंवा चेहऱ्याच्या पडताळणीनं काम होतं. कार्ड आधीच काढून ठेवा.

गडबड होते ती रुग्णालयात. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका, तुम्हाला हवा तो उपचार तिथे योजनेत आहे का, हे आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या) टेबलावर दाखल होतानाच विचारा. आधी पैसे भरून नंतर परत मागायची ही योजना नाही. साध्या ओपीडीचा खर्च यात येत नाही, पण डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं येतात.

आई-वडील सांगलीत, मी टोरंटोत. उद्या वडिलांना डिस्चार्ज आहे. फोनवर काय विचारू? (कॅनडा)

रुग्णालयातून निघण्याआधीच डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवा, घरी पोचल्यावर नको. त्यात कोणती जुनी औषधं बंद, कोणती नवी आणि नवी किती दिवस, हे तीन भाग वेगळे हवेत. नुसती नवी यादी असेल तर घरी जुन्या डब्यातल्या गोळ्याही चालू राहतात आणि एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. शेवटचं सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन किती होतं आणि पुन्हा कधी तपासायचं? कोणत्या लक्षणावर परत आणायचं आणि रात्री फोन कुणाला?

मग आईला एक काम सांगा. वडिलांना कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसवून मग उभं करायला सिस्टरना सांगायचं, आणि झोपून व उभं राहिल्यावर तीन मिनिटांत असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचा, कारण अशी माणसं पहिल्याच रात्री संडासला उठताना पडतात. आणि ते धरून का होईना संडासपर्यंत चालत नसतील तर कमोडची खुर्ची गाडी घरी पोचायच्या आधी घरात आलेली हवी. ती भाड्यानं मिळते.