संगणक-मोबाइल: वाचकांचे प्रश्न, फिरतं चक्र ते ‘८+८’ रॅम

घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. पण फाइल डाउनलोड करताना आकडा १२ च्या वर जात नाही आणि रात्री टीव्हीवर सिनेमा मध्येच अडकतो. कंपनी फसवते आहे का? (लातूर)

नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, ब्राउझर मात्र मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागा: साडेबारा. म्हणजे १२ दिसतंय तेव्हा वेग पुरेपूर मिळतोय.

आता सिनेमाचं. फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात असं नेटफ्लिक्स स्वतः सांगतं. तुमच्या फायबरपुढे ही मागणी किरकोळ आहे, तेव्हा महागडा प्लॅन घेऊ नका. संशय घ्यायचा तो राउटर आणि टीव्हीमधल्या वायफायवर. स्पीड टेस्ट राउटरजवळ बसून करण्यात अर्थ नाही. फोन टीव्हीला टेकवून, त्याच वायफायवर, सिनेमा अडकतो त्याच वेळेला करा. तिथे आकडा १० च्या खाली आला तर चोर सापडला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच (१, ६ आणि ११), आणि अपार्टमेंटमधले सगळे राउटर त्यातच गर्दी करतात. रात्री सगळे घरी असतात तेव्हा तर जास्तच. टीव्ही दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झवर जोडा. तो पट्टा भिंतींना लवकर हरतो, म्हणून राउटर लोखंडी कपाटावरून किंवा टीव्हीच्या मागून काढून मोकळ्यावर ठेवा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपुरतंच असतं, पण स्ट्रीमिंगला तेवढं भरपूर झालं.

बिघाड ओळखायची एक खूण सांगतो. सिनेमा अखंड येत नाही, काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकडा सर्व्हरवर तीन-चार दर्जांत तयार असतो. पुढचे तुकडे आणून प्लेअर रॅममध्ये साठवतो, तो साठा म्हणजे बफर. वेग हळूहळू घटला तर प्लेअर हलक्या दर्जाचे तुकडे मागवतो आणि चित्र धूसर होतं. चित्र स्वच्छ असताना एकदम चक्र फिरू लागलं, तर साठा संपेपर्यंत जोडणी चक्क तुटली होती असं समजा. तुम्ही दुसरा प्रकार लिहिलाय, म्हणूनही बोट वायफायकडेच जातं.

मॅच मोबाइलवर बघतो. विकेट पडली की शेजारच्या डिशवाल्यांचा आरडाओरडा आधी ऐकू येतो, आमच्याकडे बोलर अजून रनअप घेत असतो! नेट वाढवलं तर फरक पडेल? (ठाणे)

पडणार नाही. हा उशीर वेगाचा नाही, तुकड्यांचा आहे. थेट प्रक्षेपणासाठी सर्रास वापरली जाणारी एचएलएस ही पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली. तिच्या नियमांप्रमाणे प्लेअरने ताज्या टोकापासून निदान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करायची असते. तुकडा ६ सेकंदांचा धरला तर १८ सेकंद इथेच गेले. त्यात प्रत्येक दर्जाचं एन्कोडिंग (चित्र दाबून लहान करणं) आणि तुकडे सर्व्हरोसर्व्हरी पोचवणं यांचा वेळ मिळवा. डिशचा सिग्नलही एन्कोड होतो, पण तो तुकडे जमा होण्याची वाट बघत थांबत नाही. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असूनही वर-खाली जायला सिग्नलला पाव सेकंदच लागतो.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. मध्ये फोन आला किंवा मॅच थांबवली की उशीर आणखी वाढतो आणि तसाच राहतो. तेव्हा ‘लाइव्ह’वर दाबून टोकाला या. आणि स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद ठेवा, तीही चित्राच्या आधी येतात. शेजाऱ्यांचं काही करता येणार नाही.

दुकानदार म्हणतो ‘८+८, म्हणजे १६ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’. खरंच १६ आहे का? (नाशिक)

रॅम ८. पुढचे ८ जीबी स्टोरेजमधून कापून घेतलेले आहेत. मागे पडलेल्या ॲपची माहिती रॅममधून उचलून तिकडे ठेवतात आणि लागली की परत आणतात. रॅममधली माहिती हाती यायला नॅनोसेकंदांचा हिशेब असतो, फ्लॅश स्टोरेजमधून यायला मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे ही उसनवारी खऱ्या रॅमची जागा घेऊ शकत नाही. मागची ॲप्स थोडी जास्त वेळ उघडी राहतील. अडखळणारा गेम अडखळतच राहील. शिवाय तितकं स्टोरेज कमी होतं. जागा अपुरी पडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘रॅम प्लस’, ‘मेमरी एक्स्टेन्शन’ अशा नावाखाली हे बंद करा आणि फोन रीस्टार्ट करा.

‘रॉम’ हा खोक्यावरचा जुना शब्द आहे. तिथे अभिप्रेत असतं ते स्टोरेज, फोटो-व्हिडिओ जातात ते. दोन्ही आकडे जीबीत असतात म्हणून घोटाळा होतो. फोन बंद केला की रॅम रिकामी होते, स्टोरेज जसंच्या तसं राहतं.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर ५९.६ दाखवतो. बनावट आहे का? आणि त्यावर ५ जीबीचा व्हिडिओ का जात नाही? (कोल्हापूर)

या आकड्यात वावगं काही नाही. कंपनी १०० कोटी बाइटचा एक जीबी मोजते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांचा. त्याच हिशेबाने १ टीबीची डिस्क ९३१ दिसते. व्हिडिओ जात नाही तो बहुधा एफएटी३२ या फॉरमॅटमुळे, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीमुळे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही मोकळी असो. आतला डेटा दुसरीकडे हलवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तेवढं आधी बघून घ्या.

लॅपटॉप रखडतो. एक जण म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो एसएसडी टाका. (अकोला)

दोघांचं ऐकण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचं काम चालू ठेवून मेमरी आणि डिस्कचे रकाने पाच मिनिटं बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास अडकली असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीने (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कने) लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका सुधारतो. दोन्ही भरलेले दिसले तर बहुतेक वेळा मूळ दुखणं रॅमचं असतं: ती भरली की विंडोज डिस्कवर ठेव-काढ सुरू करतं आणि डिस्कही भरडली जाते.

रॅम घ्यायचीच तर ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, ती काढता येत नाही. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावू नका.

रोजच्या दीड जीबीत व्हिडिओ किती वेळ बघता येईल? (पणजी)

एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, तासाला लागणारे जीबी मिळतात. ५ एमबीपीएसच्या फुल एचडीला तासाला सव्वादोन जीबी, म्हणजे दीड जीबी ४० मिनिटांत संपतो. दर्जा उतरवून १ एमबीपीएसवर आणला तर ३ तास २० मिनिटं. बघून झालेले तुकडे प्लेअर सहसा टाकून देतो, म्हणून तोच भाग पुन्हा बघितला तर डेटा पुन्हा जातो. मुलं एकच गाणं दहादा लावत असतील तर ॲपमधूनच ते एकदा वायफायवर डाउनलोड करून ठेवा. मात्र नंतर जागा करायला त्या ॲपचा ‘क्लिअर डेटा’ दाबू नका, डाउनलोडही जातील आणि लॉगिनही. ‘क्लिअर कॅशे’ दाबायला हरकत नाही, त्याने तात्पुरत्या फाइलीच जातात.