वाचक विचारतात

प्रश्न : मुलगी सप्टेंबरात ग्लासगोला एम.एस्सी.ला निघाली आहे. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई (सुन्नी इस्लामी कायद्याची एक शाखा) पाळणारे. तिथे तिला आपली माणसं, नमाजाची जागा मिळेल का? – एक आई, कौसा (मुंब्रा)

उत्तर : ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची इस्लामिक सोसायटी असते. मुलीने निघण्यापूर्वीच त्या सोसायटीला ईमेल करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : मुलींची नमाजाची जागा वेगळी आहे का, वजूची (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची) सोय कुठे आहे, रमजानात इफ्तार एकत्र होतो का. गावातल्या मशिदीबद्दलही आधीच विचारलेलं बरं. काही मशिदींत बायकांना जागाच नसते, आणि हे दारात पोचल्यावर कळलं की फार लागतं.

खरी अडचण हिवाळ्यात येते. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जोहर (दुपारची), असर (दुपार उतरल्यावरची) आणि मगरीब (सूर्यास्तानंतरची), तिन्ही नमाजा कॉलेजच्या वेळातच येतात. नमाजाच्या अ‍ॅपमध्ये असरसाठी 'शाफई' निवडावं. हनफी या दुसऱ्या शाखेच्या हिशेबात, माध्यान्हीच्या सावलीत वस्तूच्या उंचीच्या दुप्पट भर पडेपर्यंत थांबतात, शाफईत एकपट पुरते. म्हणजे असर लवकर सुरू होते आणि दोन लेक्चरच्या मधे उरकता येते. मशिदीचा तक्ता हनफी असला तर गोंधळू नये.

ईद एकाच शहरात दोन दिवशी होऊ शकते : कुणी सौदीची घोषणा मानतं, कुणी जवळपासचा चांद. ज्या मैत्रिणींबरोबर रोजे धरले, त्यांच्याबरोबरच ईद करावी. खिम्याचा मसाला मात्र घरून, सीलबंद पाकिटातच द्या.