गाडी ठेवावी की काढावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे १९९७ सालची बजाज चेतक आहे. नोंदणीची पंधरा वर्षे २०१२ मध्ये पूर्ण झाली आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी मी ती रीतसर वाढवून घेत आलो आहे. मंडई, बँक, दवाखाना आणि अधूनमधून धायरीला मुलीचे घर, एवढाच आता तिचा प्रवास आहे. मुलगा म्हणतो की नव्या कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांवरच्या गाड्या भंगारात द्याव्याच लागतात, आणि तशी सक्ती नसली तरी ही स्कूटर अजून बाळगायची कशासाठी? त्याचे म्हणणे कितपत बरोबर आहे?
— एक निवृत्त वाचक, कसबा पेठ

उत्तर : कायद्याबाबत आपल्या चिरंजीवांची गल्लत झाली आहे. ती पुण्यात अनेक घरांत होते, कारण तीन वेगवेगळ्या बातम्या लोकांच्या मनात एकत्र झाल्या आहेत. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आली. तिचा संबंध दिल्ली आणि राजधानी परिसराशी आहे, पुण्याशी नाही. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवली जात नाही, पण ती अट खासगी मालकाला लागू होत नाही. राहता राहिले २०२१ चे वाहने मोडीत काढण्याचे धोरण. त्यातही खासगी गाडी केवळ वय झाले म्हणून भंगारात द्यावी, असे म्हटलेले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते, आणि आपण तेच करत आला आहात.

मात्र हे काम आता पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १००० रुपये झाले, वीस वर्षांपुढच्या वाहनांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले, आणि राज्याचा पर्यावरण कर त्याशिवाय भरावा लागतो. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्यापूर्वी विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांची पूर्तता करून घ्यावी. मुदत उलटू दिली तर विलंब शुल्क महिन्यागणिक चढत जाते.

ती बाळगायची कशासाठी, हा मुलाचा दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे. १९७२ साली आलेल्या चेतकसाठी नंबर लावून ज्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या पिढीला ती विकवत नाही, हे समजण्यासारखे आहे. आपली स्कूटर त्या काळानंतरची आहे, त्यामुळे आपले कारण वेगळे आणि मला अधिक पटणारे आहे : ती नेमाने चालते आणि नेमून दिलेले काम करते. ती यापुढे किती वर्षे चालेल, हे बरेचसे आपल्या मेकॅनिकच्या वयावर अवलंबून आहे. प्लग साफ करणे, कार्बोरेटर धुणे, सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढणे, हँडलवरच्या गिअरच्या केबल नेमक्या ताणून बसवणे, ही कामे सहज करणारी माणसे पेठांतून आता कमी होत चालली आहेत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराचे कडक निकष पाळणाऱ्या) गाड्यांच्या फ्युएल इंजेक्शनवर आणि सेन्सरवर ज्याचा हात बसला, त्या तरुण कारागिराला चेतक उघडायला सांगितली तर तो बिचकतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. स्कूटरचा व्यवसायच सोडत असल्याचे कंपनीने २००९ साली जाहीर केले होते (आजची चेतक विजेवर चालते, नावापलीकडे तिचे आपल्या गाडीशी फारसे नाते नाही). तेव्हा नाना पेठेत जे सुटे भाग अजून मिळतात, त्यांपैकी पिस्टन-रिंग, क्लच प्लेट आणि केबलचा एकेक संच आताच आणून घरात ठेवावा, हे बरे.

एका बाबतीत मी मुलाच्या बाजूने बोलेन. आपल्या चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, शिवाय थोडे मिश्रण न जळताच बाहेर पडते, आणि कसब्यातल्या बोळात तो धूर थेट शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. इंजिनाला बरे म्हणून ऑइल अंदाजाने जास्त ओतण्याची सवय अनेक जुन्या चेतकवाल्यांना असते. लिटरला साधारण २० मिली हे माप पुरेसे आहे आणि ते मापानेच घालावे. चेतकचे इंजिन उजव्या अंगाला असल्याने गाडीचा भार एका बाजूला असतो, चाकेही लहान असतात. पावसात सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर याचा त्रास होतो. किक मारताना गुडघा कुरकुरू लागला किंवा गाडी स्टँडवर चढवायला वाटेवरच्या माणसाला हाक मारावी लागली, की ती काढण्याचा विचार अवश्य करावा. नोंदणीच्या सालापेक्षा ही खूण अधिक विश्वासार्ह आहे.

प्रश्न : माझी २००५ सालची स्प्लेंडर रोज हडपसर ते भोसरी जाते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून ॲव्हरेज कमी झाले आहे, असे वाटते. गाडी खराब होण्यापूर्वी विकून टाकावी का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : विकण्याची घाई नको. ॲव्हरेज कमी झाल्याची आपली शंका निराधार नाही, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते. मिश्रणात ते वीस टक्के असले की लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सरच्या आधारे इंधनाचे प्रमाण आपोआप जुळवून घेतले जाते. आपल्या कार्बोरेटरला तसे काही कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागत असेल, चढावर ती अडखळत असेल किंवा इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर आधी कार्बोरेटर साफ करून त्याचे सेटिंग पाहून घ्यावे.

दुसरा परिणाम हळूहळू होतो. इथेनॉल रबराला फुगवते आणि हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे २००५ सालची पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधली रबरी वॉशर आणि टाकीचा तळ या तीन जागा तपासाव्यात. नळी आणि वॉशर बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल ताजे राहते, म्हणून आपली काळजी तुलनेने कमी आहे. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचून गंज धरण्याची भीती अधिक. वीस वर्षांत ज्या गाडीचा प्रत्येक आवाज आपल्या ओळखीचा झाला, ती एवढ्या दुरुस्तीसाठी विकून कर्ज काढण्यात मला हशील दिसत नाही.

प्रश्न : आमची २०१२ ची ऑल्टो वाड्यासमोर झाकून उभी असते. गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात जाण्यापुरती ती निघते. ‘दारात गाडी असावी’ असे सासऱ्यांना वाटते. ठेवावी का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : माझ्या मते काढावी. उभी गाडीही खर्च मागते : विमा दरवर्षी भरावा लागतो, बॅटरी उतरते, ब्रेक धरून बसतात, उंदीर वायरी कुरतडतात आणि २०२७ मध्ये नूतनीकरणाचे ५००० रुपये व पर्यावरण कर समोर उभा राहील. टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्यावर भरवसा ठेवू नये; बाजूला छापलेल्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल सांगतात, ते एकदा वाचून पाहावे. ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरायला जुनाट टायरची, वर्षभर एका जागी उभी राहिलेली गाडी काढणे धोक्याचे आहे, आणि वर्षातून दोनदा भाड्याची गाडी करणे याहून नक्कीच स्वस्त पडेल. घरात चालता न येणारे कोणी असेल, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागत असेल, तर मात्र माझे उत्तर उलट असेल. त्या परिस्थितीत गाडी ठेवावी, पण दर आठवड्याला ती चालवावी.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. माझी २०१४ ची ॲक्टिव्हा उत्तम चालते, रोज सुमारे २५ किलोमीटर होतात. सगळे सहकारी विजेवरची स्कूटर घ्या म्हणतात. घ्यावी का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आपण हिशेबच मांडू. वर्षाला ३०० दिवस धरले तर ७५०० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरल्यास सुमारे १७,५०० रुपये खर्च येतो. विजेवरच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट आणि युनिटला १२ रुपये धरले, तर खर्च सव्वातीन हजारांच्या आत राहतो. बचत वर्षाला चौदा हजार, देखभालीची धरून थोडी जास्त. नवी स्कूटर सव्वा लाखाला पडणार असेल आणि जुनीचे पंचवीस हजार आले, तर उरलेले एक लाख भरून यायला सहा-सात वर्षे लागतील, आणि तोवर बॅटरीची हमी संपत आलेली असेल. म्हणजे उत्तम चालणारी गाडी केवळ पैसे वाचवण्यासाठी काढण्यात अर्थ नाही. ॲक्टिव्हाने इंजिनाचे मोठे काम काढले, की मात्र त्यात पैसे न घालता विजेवरची घ्यावी. नवी घ्यायचीच असेल तेव्हा पेट्रोलवरच्या आणि विजेवरच्या स्कूटरच्या किमतीतला फरक बराच लवकर वसूल होतो.

तोपर्यंत एक काम करून ठेवावे. कर्वेनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये प्लग नसतो, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडणे हा प्रकार पावसाळ्यात जिवावर बेतू शकतो. स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि अर्थिंग करून घेण्यास सोसायटीची लेखी संमती लागेल. वार्षिक सभेत हा विषय आधीच मांडावा, आणि संमती हाती पडेपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नये.