माळ्यावरची नागमोडी तलवार

प्रश्न: जुन्या घराच्या माळ्यावर दुधारी, नागमोडी पात्याची तलवार सापडली. पाते १९ इंच, लाकडी मुठीचे डोके पक्ष्याच्या चोचीसारखे. कोणी जावाची म्हणतो, कोणी फिलिपिन्सची. जुनी आहे का आणि किंमत किती येईल?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: वर्णनावरून ही दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो लोकांची क्रिस दिसते. मिंदानाव आणि सुलू बेटे हे तिचे घर. जावाची क्रिस कट्यारीएवढी, भोसकण्यासाठीची. मोरो क्रिस लांब-रुंद, तोडण्याच्याही कामाची. चोचीची मूठ काकाकुव्याची.

वय वळणांच्या संख्येवरून ठरत नाही. मुठीलगत पाते रुंद होते तिथली आडवी पट्टी, म्हणजे गंग्या, भिंगातून पाहा. जुन्या क्रिसमध्ये ती वेगळी घडवून बसवलेली असते, त्यामुळे सांध्याची रेघ दोन्ही अंगांना आणि कडेवरही दिसते. सुमारे १९३० नंतरच्या पात्यांत ती बहुधा पात्यासोबतच घडवलेली असते आणि रेघ वरवर कोरलेली. मात्र गंज सांधा भरून टाकतो, म्हणून एकाच बाजूवर निकाल देऊ नका. पर्यटकांसाठी केलेली पाती सहसा पातळ, एकसारख्या जाडीची आणि बोथट असतात.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन बफ मारून आणू नका, ही कळकळीची विनंती. थरांचे पोलाद असेल तर त्याची नक्षी आणि कोरीव काम बफखाली झिजते. गेलेले परत येत नाही. चिंच, लिंबूही नको. मशीनच्या हलक्या तेलात भिजवलेले फडके दोन दिवस गुंडाळून ठेवा, मग सैल झालेला गंज सुती कापडाने पुसा. मूठ काढू नका, उन्हातही ठेवू नका: ती बहुधा राळेसारख्या चिकाने बसवलेली असते आणि उष्णतेने सुटते. पाते मुठीशी धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या हलत असल्या तरी ठोकू नका. खानापूरच्या पावसाळ्यात म्यानाबाहेर, तेलाचा हात देऊन ठेवा. म्यानातले लाकूड ओल धरते.

किमतीचा आकडा नुसत्या वर्णनावरून सांगणे योग्य नाही. वेगळी गंग्या, मूळ मूठ, चांदीकाम आणि मूळ म्यान यांनी ती वाढते. नवी मूठ, घासलेले पाते यांनी खूप घसरते.

विकण्याआधी कायदा पाहा. १०० वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. चौकशी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे करा. शिवाय ९ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र नियमांच्या यादीत येते. तुमच्या भागात परवाना लागतो का, हे पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या.