व्याज आकारणी चालू असताना प्रोग्रॅम हँग होतो

प्रश्न : गावच्या पतसंस्थेसाठी पायथॉन आणि टीकिंटरमध्ये (पायथॉनची विंडो-बटणं बनवायची लायब्ररी) व्याज आकारणीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. ‘आकारणी करा’ दाबलं की विंडो पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं आणि कारकून घाबरून प्रोग्रॅमच बंद करतात. एकेक खातं घेणाऱ्या फॉर लूपमध्ये ‘अपडेट’ (विंडोची अडलेली कामं तिथेच उरकून घेणारी आज्ञा) टाकू का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नका टाकू. विंडो हलेल खरी, पण लूप चालू असतानाच कुणी तेच बटण पुन्हा दाबलं, तर पहिल्या आकारणीच्या पोटात दुसरी सुरू होईल. एका खात्यावर दोनदा व्याज पडण्यापेक्षा हँग झालेलं परवडलं.

कारकुनांचं काही चुकत नाही. काम चालू आहे हे त्यांना कळणार कसं? टीकिंटरचा मेनलूप, म्हणजे विंडो चालवणारं चक्र, क्लिक घेणं, विंडो रंगवणं ही सगळी कामं एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) एकामागून एक उरकतो. तुमचं फंक्शन संपेपर्यंत बाकीचं रांगेत. पाच सेकंद विंडोकडून दाद मिळाली नाही की विंडोज तिला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं. लूपमध्ये ‘स्लीप’ टाकून थोडं थांबण्याचाही उपयोग नाही, झोपतो तो हाच थ्रेड.

तुम्हाला ‘आफ्टर’ पुरेल, म्हणजे ‘इतक्या वेळाने हे फंक्शन चालव’ असं मेनलूपला सांगणं. फॉर लूप काढा आणि असं फंक्शन लिहा, जे पुढची 50 खाती घेईल, प्रोग्रेसबार सरकवेल आणि खाती उरली असतील तर ‘आफ्टर’ला 10 मिलिसेकंद आणि स्वतःचंच नाव देऊन संपेल. फक्त नाव, पुढे कंस नाहीत. कंस दिलेत तर फंक्शन तिथल्या तिथे स्वतःला बोलावत राहतं आणि विंडो पुन्हा हँग! बारखाली चालू खात्याचा क्रमांक दिसू द्या. मी तो नेहमी दाखवतो, त्याने समोरच्याला धीर येतो.

डेटाबेसला विचारलेली एकच क्वेरी लांबत असेल तर तिचे तुकडे पडणार नाहीत. तिथे वेगळा थ्रेड हवा, पण त्याने विंडोतल्या लेबललासुद्धा हात लावायचा नाही. निकाल क्यूमध्ये (दोन थ्रेडमधल्या रांगेत) टाकायचा आणि मेन थ्रेडने ‘आफ्टर’ने दर 100 मिलिसेकंदांनी क्यू तपासायचा. डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर त्याचं कनेक्शनही त्या वेगळ्या थ्रेडमध्येच उघडा.

सुरुवातीलाच ‘आकारणी करा’ डिसेबल करा, शेजारी ‘थांबवा’ द्या. कमिट, म्हणजे डेटाबेसमध्ये बदल पक्के करणं, सगळी खाती झाल्यावरच. मधेच थांबवलं तर रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे.